तीन बोटं जास्तीची

तीर्थस्वरूप अण्णांस,

साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी मान, खांदे आणि कंबर सध्या कामावर येत नाहीत, तेव्हा उरलेल्या अंगांनी घातलेला हा नमस्कार तुम्ही पुरा धरून घ्यावा.)

तुमची तब्येत कशी आहे? उजवा गुडघा जिना चढताना अजून कुरकुरतो का? वहिनींचा खोकला थांबला का? त्यांनी विणून पाठवलेली टोपी मिळाली आणि फार आवडली. ती मला थोडी मोठी होते आणि डोक्याच्या वर हवा राहते, पण त्यामुळे माणूस जरा भरदार दिसतो, म्हणून मी ती घरातसुद्धा घालतो. फोन करायचा सोडून पत्र का लिहितोय, असं तुम्हाला वाटलं असेल. त्याचं असं आहे, की तुम्ही फोन स्पीकरवर ठेवून रंधा मारता मारता बोलता. मागे मी एका नाजूक जागच्या दुखण्याबद्दल तुम्हाला खासगीत विचारलं, तर पलंगाचा भाव करायला आलेल्या कुणा गिऱ्हाइकाने मला पथ्य सांगितलं आणि त्याच्या बायकोने लवकर बरे व्हा म्हणून शुभेच्छा दिल्या. दोघंही सज्जन होती, गुणही आला, पण आजचा विषय त्याहून नाजूक आहे.

इकडे सर्व कुशल आहे. कुशल म्हणजे, तुमची बहीण कुशल आहे, मुलगी नर्सिंगच्या वसतिगृहात कुशल आहे, आणि मी खांद्यापासून खाली गेलं की गुडघ्यापर्यंत थांबावं लागतं, पण पुढे कुशल आहे. या दुखण्याचं कारण विचाराल तर सुधारणा. आमच्या कारखान्यात सुधारणा झाली, अण्णा, आणि तेव्हापासून मला डोक्यावरून कंगवा फिरवता येत नाही. (टोपी घालण्याचं हेही एक कारण आहे, पण वहिनींना पहिलंच सांगा.)

आमचा कारखाना तुम्ही पाहिलेला नाही. कारखाना म्हणायचं ते मालकांना बरं वाटावं म्हणून. एकामागे एक दोन लांबट खोल्या, वर पत्रा, मध्ये एक पंखा, जो ज्याच्यावर वारा नको त्याच्यावरच सोडतो. आम्ही कुलपं बनवतो. शिडी भोकं पाडतो (शिडी हे ड्रिलवाल्याचं टोपणनाव, तो दारातून आत येतो तो वाकूनच), पॉलिशवाली मावशी कुलपं चमकवते, तुमची बहीण स्प्रिंगा बसवते, आणि मी कानशीने किल्लीचे दात घासून प्रत्येक किल्ली तिच्या तिच्या कुलपाला जुळवतो. बाकीची मंडळी ओतकाम, रिबिटं आणि एकमेकांच्या चुका बघतात. आजवर आमच्याकडे बसायला म्हणून काही विकत घेतलेलं नव्हतं. ज्याने त्याने आपापली गादी जमवलेली. मावशीचा रंगाचा डबा, त्यावर जुनं सोलापुरी म्हणा की कसलं म्हणा, एक जाडं कापड. शिडीची दोन खोकी एकावर एक. माझं खिळ्यांचं पिंप, त्यावर चौपदरी गोणपाट. दिसायला भंगाराचं दुकान, पण त्या पिंपावर बसलं की माझे पाय जमिनीला टेकायचे. पाय टेकण्यात काय सुख असतं हे मी तेव्हा कधी मनावर घेतलं नव्हतं.

तर सुधारणा झाली कशी? पाठ सगळ्यांचीच दुखत होती. पण मालकांना ती ऐकू आली एका दुकानदारामुळे. तो म्हणाला, तुमची कुलपं चांगली असतात, पण त्यांना दुखण्यावरच्या मलमाचा वास का येतो? मालकांनी आत येऊन श्वास घेतला आणि त्यांनाही तो आला. पहिली पाळी मान चोळून उठायची आणि दुसरी पाळी कंबर चोळून बसायची. मलमाची बाटली मात्र दोन्ही पाळ्या भरायची. मग मालकांनी चौकशी करून कामगारांच्या तब्येतीचं शिकलेल्या एक बाई बोलावल्या. आम्ही त्यांना मापाच्या मॅडम म्हणतो, कारण आल्या त्याच टेप घेऊन. बाई हुशार, बोलायला गोड, आणि आमच्यातल्या कुणी न सांगता कुणाचं काय दुखतं ते त्याच्या बसण्यावरून सांगत होत्या. मावशीला तर त्या देवमाणूस वाटल्या. त्यांनी मालकांना पटवलं, की कोपर जिथे येतं तिथे टेबल आलं पाहिजे आणि टाच जिथे येते तिथे जमीन आली पाहिजे. प्रत्येकाला वेगळं टेबल परवडणार नाही म्हणून तीन मापं ठरली, बुटकं, मधलं आणि उंच. सकाळच्या पाळीत जो ज्या मापाच्या टेबलाशी, दुपारनंतरच्या पाळीत त्याच टेबलाशी त्याच मापाचा माणूस. मी स्वतः टाळ्या वाजवल्या. तेव्हा हात वर जायचे.

इथे मला जरा आमच्या घरातलं सांगितलं पाहिजे, नाहीतर मी टाळ्या का वाजवल्या ते कळणार नाही. मुलगी लहान असल्यापासून तुमची बहीण पहिल्या पाळीला आणि मी दुसऱ्या. एकाने घरी असायला हवं होतं, त्याला इलाज नव्हता. ती जाते तेव्हा मी झोपलेला, मी येतो तेव्हा ती झोपलेली. आमच्या पलंगालासुद्धा दोन पाळ्या आहेत, आणि पाळी बदलताना उशी बदलावी लागते, कारण तिला पातळ लागते आणि मला जाड. सुटीचा वार सोडला तर आमची भेट होते ती कारखान्याच्या फाटकात, ती बाहेर पडताना आणि मी आत शिरताना. तेवढ्यात ती मला सांगते, दूध तापवलंय, नळ गळतोय, गॅसवाला येऊन गेला. मी मान डोलावतो. (डोलावायचो.) मागे आमचं एक भांडण झालं ते आठवडाभर पुरलं, कारण फाटकात रोज एकेकच वाक्य बोलून व्हायचं, आणि दुसऱ्या दिवशी आधी कोणाची पाळी होती ते आठवण्यात वेळ जायचा. शेवटी कोण जिंकलं ते दोघांनाही ठाऊक नाही. आता मुलगी वसतिगृहात गेली. जाताना गाडीच्या खिडकीतून ती आम्हाला म्हणाली, आता तरी एका ताटाला बसत जा दोघं. अण्णा, मला त्या पोरीने दुसरं काही सांगितलेलं आठवत नाही, एवढंच कानात राहिलंय. मालकांना विचारलं तर ते म्हणाले, नवीन टेबलं येऊ देत, मापात बसलं तर दोघांना एकाच पाळीत घेतो. म्हणून टाळ्या.

आता मापाचा दिवस. दोन्ही पाळ्यांना फाटकाच्या वेळेला एकत्र थांबवून घेतलं. मॅडमनी आदल्या दिवशी बजावलं होतं, रोजचे कपडे घालून या, रोज बसता तसेच बसा, रोज वाकता तसेच वाका. पण आमच्यातल्या बहुतेकांचं याआधी माप घेतलं होतं ते एक तर शिंप्याने लग्नाच्या कपड्यांसाठी, नाहीतर भरतीच्या रांगेत. दोन्हीकडे आम्हाला ताठ उभं राहायला सांगितलेलं. कोणी टेप काढली की आमचा कणा आपोआप सरळ होतो, त्यात आमचा काय दोष? मुकादम इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि त्याने पोट जे आत ओढलं ते मॅडमनी आकडा लिहीपर्यंत सोडलं नाही. चेहरा जांभळा झाला होता, पण माणूस मागे हटला नाही. मावशीला वाटलं, ज्याचा हात लांब त्याला मोठा कप्पा मिळणार, म्हणून तिने खांद्यातून हात असा ताणला की चोळीची शिवण उसवली. तिने अंबाडाही उंच बांधला होता, तो मॅडमना हाताने दाबून माप घ्यावं लागलं. पॅकिंगवाल्याने तर विचारलं, हसू का? आणि शिडी? जन्मभर लोक त्याला वर हवा कशी आहे म्हणून विचारत आलेले. त्याने पँटच्या आत हळूच गुडघे वाकवले. मी त्याच्या मागेच उभा होतो, मला दिसत होतं, पण दुसऱ्याच्या गुडघ्यांत नाक खुपसायची माझी सवय नाही.

मी आपला नेहमीसारखा उभा राहिलो. (बुटांबद्दल पुढे लिहितो.) टेपचं वरचं टोक मॅडमच्या हातात आणि खालचं टोक जमिनीला धरून ठेवायला तुमच्या बहिणीला बसवलं होतं. ती बिचारी खाली मान घालून आपलं काम करत होती. मॅडम आकडा बघून म्हणाल्या, तुम्ही दिसता त्यापेक्षा उंच आहात. अण्णा, इतकं चांगलं मला आजवर कोणी बोललेलं नाही. मी तुमच्या बहिणीकडे पाहिलं, पण ती टेपचं टोक गुंडाळत होती.

पुढे महिन्याभरात टेबलं आली, खुर्च्या आल्या, आणि जो तो आपण दिलेल्या मापात जाऊन बसला. मुकादमाच्या खुर्चीला हात आहेत. तो बसतो बरोबर, पण उठला की खुर्ची त्याच्याबरोबर उठते, आणि मालक आले तर तो तसाच उभा राहून, खुर्चीसकट, माहिती देतो. शिडीचं टेबल त्याच्या गुडघ्यांच्या मानाने उत्तम आहे. बाकी माणूस त्यावर घडी घालून ठेवलेल्या चादरीसारखा असतो आणि भोक पाडताना त्याच्या भुवयांवर बुरा उडतो. मावशीला फडकं घ्यायचं असलं की ती टेबलावर आडवी होते. आणि मी मधल्या मापात निघालो. मधल्या मापाच्या टेबलावर हात ठेवले की माझी कोपरं कानांशी येतात. किल्ली घासताना मी कानस चालवतोय की सारंगी वाजवतोय ते लांबून कळत नाही. वाटलं, मुकादमाकडे बुटकं टेबल मागावं, पण त्याने विचारलं असतं, का?

पण खरी मेख पुढे आहे. पहिल्या पाळीत मधल्या मापाची सगळी टेबलं भरलेली निघाली. म्हणून मला मालकांनी दुसऱ्याच पाळीत ठेवलं. म्हणाले, नाइलाज आहे, मापात बसत नाही. बुटक्या मापाची टेबलं दोनच, खिडकीशी शेजारी शेजारी. एक तुमच्या बहिणीला मिळालं. दुसरं रिकामं राहिलं, कारण त्या उंचीचं कारखान्यात दुसरं कोणी नाही. (असं मापात निघालं.) मालकांनी ती दोन टेबलं मुकादमाच्या अंदाजाने आधीच करून घेतली होती. मुकादमाच्या मनात दुसरं टेबल कोणासाठी होतं, हे मी त्याला विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही.

मी हातपाय गाळून बसलो नाही. गोणपाट चौपदरी घालून खुर्चीवर ठेवलं आणि त्यावर चढलो. कोपरं कानांवरून खांद्यापर्यंत आली, पण पाय अधांतरी. दोन तास पाय लोंबकळले की ते आपले राहत नाहीत, हे मला उठेपर्यंत कळलं नाही. उठलो आणि समोरच्या किल्ल्यांच्या तबकावर आडवा झालो. अण्णा, जुळवून ठेवलेल्या किल्ल्या आणि त्यांची कुलपं, सगळा संसार जमिनीवर. त्या पाळीत मग दुसरं काम झालंच नाही. सगळे जण फतकल मारून, हातात एकेक किल्ली घेऊन, एकेका कुलपाला ती लागते का ते बघत बसले. मुकादम खुर्ची अंगावर घेऊन वरून लक्ष ठेवत होता. मालकांनी विचारलं, पडलास कसा? आता, माझे पाय जमिनीला पोचत नाहीत असं कोणता पुरुष अकरा माणसांसमोर म्हणेल? मी म्हणालो, डुलकी लागली.

झालं. मालकांनी मॅडमना कळवलं. मॅडम धावत आल्या. दुसऱ्या पाळीच्या माणसांच्या झोपेचं कसं खोबरं होतं, यावर त्यांनी माझ्याशी तासभर इतक्या मायेने बोलणं केलं, की शेवटी मलाच स्वतःची दया आली. पाळी संपल्यावर डोळ्यांवर उजेड नको, पाळीच्या अर्ध्यानंतर चहा नको, घरी जाऊन पोटभर खाऊन आडवं पडायचं नाही, आणि सकाळी झोपायच्या खोलीत अंधार हवा. सगळं बरोबर आहे, अण्णा, शिडीने ते पाळलं आणि तो आता टवटवीत दिसतो, दिसतो तेवढ्या भागात. पण माझी झोप चांगली होती! मी चहा सोडला, डोकं दुखायला लागलं. मॅडमनी स्वतः काळा जाड पडदा आणून दिला, तो सुटीच्या दिवशी तुमच्या बहिणीने खिडकीला लावला. पडदा लावून झाल्यावर ती माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, दुखतंय का? मी म्हणालो, झोप येते गं फार. आणि मग झोपेची आवड नसताना मला तासभर डोळे मिटून पडावं लागलं.

त्या पडद्यानेच पुढचा घोटाळा केला. एके दिवशी जाग आली तर खोलीत काळोख, बाहेर कसलासा आवाज, घड्याळ दिसेना. मला वाटलं पाळी चुकली. तसाच उठलो, उलटा शर्ट घातला आणि धावत कारखान्यात गेलो. फाटकात कोणीच नाही. आत पाहतो तर पहिली पाळी रंगात आलेली, दहासुद्धा वाजले नव्हते. दारात उभा राहून मी आत पाहिलं. तुम्हाला खरं वाटणार नाही, पण इतक्या वर्षांत मी तुमच्या बहिणीला काम करताना पाहिलेलंच नव्हतं. ती खिडकीशी बसली होती. पाय जमिनीला टेकलेले, पाठ सरळ, कोपरं टेबलाबरोबर, जणू ते टेबल तिच्याबरोबरच वाढलेलं. चिमट्यात स्प्रिंग धरायची, कुलपात बसवायची, अंगठ्याने दाबायची, आणि दाबताना ओठ आत घ्यायची. ती गुणगुणतसुद्धा होती, अण्णा. घरी ती गुणगुणत नाही, म्हणजे मी झोपलेला असतो म्हणून गुणगुणत नसणार. मला फार वाईट वाटलं आणि फार बरंही वाटलं.

तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. मी जाऊन तिच्यावर बसणार, इतक्यात ती दचकून म्हणाली, अहो, बसू नका, डुगडुगते ती! आणि तिने पटकन आपली डब्याची पिशवी उचलून त्या खुर्चीवर ठेवली. मुकादमाने (त्याला दोन्ही पाळ्यांवर लक्ष ठेवावं लागतं) सांगितलं, ती खुर्ची पहिल्या दिवसापासून नादुरुस्त आहे, तुमच्या बहिणीनेच तक्रार केली, त्यामुळे तिथे कोणाला बसू देत नाहीत. मला जरा लागलंच. चारचौघांत नवऱ्याला बस म्हणायचं सोडून खुर्चीवर पिशवी ठेवते! पण सुरक्षेची गोष्ट आहे, आणि ती या बाबतीत पहिल्यापासून काटेकोर. मी उलटा शर्ट घालून घरी परत आलो आणि पडदा बाजूला करून बसलो.

आता परिस्थिती अशी आहे. मॅडम महिनाअखेरीला पुन्हा येणार आहेत. मागच्या खेपेला त्या म्हणाल्या, ज्याला टेबल बसत नसेल त्याने मोकळेपणाने सांगा, पुन्हा माप घेऊ, त्यात लाजायचं काय? सगळी मंडळी पंख्याकडे बघत होती. आणि महिनाअखेरीलाच पॅकिंगला एक नवा माणूस येतोय, उंचीने बेताचा. मालक म्हणाले आहेत, खुर्ची तोवर दुरुस्त झाली नाही तर तो आपलं स्टूल घेऊन त्या बुटक्या टेबलाशी बसेल, पहिल्या पाळीत, खिडकीशी. मुकादम म्हणतो, तो गातोही बरा.

असो. बाकी लिहिण्यासारखं विशेष नाही. वहिनींना नमस्कार. तुम्ही बऱ्याच दिवसांत इकडे फिरकला नाही, तर येत्या सुटीच्या वारी सवड काढून या, घर तुमचंच आहे. मला कशाची अपेक्षा नाही, फक्त तुमचे पाय घराला लागावेत एवढीच इच्छा. (माझे कुठेच लागत नाहीत.)

तुमचा आज्ञाधारक,
मेहुणा

ता. क. येताना तुमची छोटी करवत आणा. पिशवीत घालून, कोणाला दिसणार नाही अशी. सुटीच्या दिवशी कारखान्यात फक्त राखणदार असतो, त्याला मी सांगून ठेवलंय, की आमच्या पाहुण्यांना कुलपांची आवड आहे. माझ्या टेबलाचे चारही पाय आणि खुर्चीचे चारही पाय तेवढे कमी करायचे आहेत. (सकाळच्या पाळीला तिथे जो बसतो त्याचं मग बघू.) किती, ते तुम्हाला सांगायला संकोच वाटत नाही, कारण आमच्या लग्नाच्या फोटोत मी तुमच्या बहिणीपेक्षा उंच दिसतो तो कशामुळे, हे तुम्हाला आणि मलाच ठाऊक आहे. फोटोग्राफरने हाक मारायच्या आत तुम्ही कुठूनशी फळी आणून गुपचूप माझ्या पायाखाली सरकवली, आणि आजवर त्याबद्दल कुणाकडे अवाक्षर काढलं नाहीत, हे मी विसरलेलो नाही. ती फळी तीन बोटं जाड होती. मापाच्या दिवशी मी बुटांत जे पुठ्ठे घातले होते तेही तीन बोटंच भरले. (बुटांबद्दल लिहीन म्हणालो होतो, ते हे.) तेव्हा तीन बोटं कापा. माझी बोटं धरा, तुमची जाड आहेत.

ता. क. दुसरा. ती डुगडुगणारी खुर्ची दिसली तर तिला मात्र हात लावू नका. तुमचा स्वभाव मला माहीत आहे, मोडकं दिसलं की तुम्हाला राहवत नाही. पण ती दुरुस्त झाली तर तो गाणारा माणूस त्यावर आरामात बसेल. निदान स्टुलावर तरी बसू दे त्याला. उलट जमलं तर आणखी थोडी ढिली करा.

ता. क. तिसरा. खाली थोडी जागा तुमच्या बहिणीसाठी सोडली आहे, ती दोन ओळी लिहील आणि कामावर जाताना पत्र पेटीत टाकेल. वरचं ती वाचणार नाही, तिला माझं अक्षर लागत नाही.

अण्णा,

अक्षर मला चांगलं लागतं. वीस वर्षं वाचतेय, फक्त ह्यांना सांगितलेलं नाही.

तू कसा आहेस? वहिनीला म्हणावं, टोपी ह्यांच्या डोक्यावरून निघत नाही. ह्यांनी खांद्याचं चेष्टेत लिहिलंय, पण उजवा हात आता खरंच वर जात नाही. पहाटे मी निघताना हे कूस बदलतात आणि कण्हतात, आणि मी दाराशी चप्पल हातात घेऊन उभी राहते. मला ते सहन होत नाही रे. झोपेचं निमित्त पुढे केलंय म्हणून खांद्याचं औषधही घेत नाहीत.

पुठ्ठे मला मापाच्या दिवशीच दिसले. टेपचं खालचं टोक माझ्याच हातात होतं, बुटातून वर आलेली टाच माझ्या नाकासमोर होती. दोन्हीकडे बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा, चित्रसुद्धा दिसत होतं. तेव्हाच बोलले असते तर दोन्ही पाळ्या हसल्या असत्या. मॅडम उंच म्हणाल्या तेव्हा ह्यांचा चेहरा तू बघायला हवा होतास. माझ्याने तोंड उघडवलं नाही. आणि फळीचंही मला माहीत आहे. फोटोत पाय आले नाहीत, पण मी शेजारीच उभी होते ना.

खुर्चीला काहीही झालेलं नाही. पहिल्याच दिवशी मी तिचा एक बोल्ट काढून घेतला आणि डुगडुगते म्हणून ओरडले, नाहीतर ती जागा केव्हाच कुणालातरी गेली असती. आता महिनाअखेरीपर्यंतच ती माझ्याने राखवेल. टेबल कापून कोपरं खाली येतील, पण माणूस दुसऱ्याच पाळीत राहील. मॅडम येतील तेव्हा ह्यांनी बूट काढून उभं राहायला हवं, बस्स. मी सांगितलं तर ह्यांना वाटेल, मी इतकी वर्षं मनातल्या मनात हसत होते. तुझ्यासमोर मात्र ह्यांना ताणून उभं राहता येत नाही, म्हणून तू ये आणि समजाव.

करवत आणू नकोस, पाना आण. बोल्ट माझ्या डब्याच्या पिशवीत आहे.

तुझी,
धाकटी